धोटा: यंत्रमागातला प्लॅटफॉर्मर गेम (पाच जणांचा गट, सोलापूर) – प्रकल्प नोंदी

१६ डिसेंबर २०२४

शेवटच्या वर्षाचा गट प्रकल्प: प्लॅटफॉर्मर, म्हणजे कट्ट्यावरून कट्ट्यावर उड्या मारत पुढे जायचा खेळ. दोघं कोडवर, एक चित्रांवर, एक लेव्हलवर, एक आवाज, चाचणी आणि अहवालावर. सादरीकरण ५ एप्रिलला. कॅलेंडरवर जेमतेम सोळा आठवडे दिसतात. यात्रा, अंतर्गत परीक्षा आणि सबमिशन वजा केली की बाराच उरतात. वेळापत्रक बारा आठवड्यांचंच केलं.

इंजिन (खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) गोडो ४.३, साधी आवृत्ती, भाषा जीडीस्क्रिप्ट. फुकट आहे हे एक कारण. खरं कारण वेगळं: झिप उघडली की थेट एक्झी फाइल मिळते, इन्स्टॉल काही करावं लागत नाही. लॅबच्या मशीनवर अ‍ॅडमिन पासवर्डसाठी कुणाच्या मागे लागावं लागत नाही, पेन ड्राइव्हवरून थेट चालते. चित्रांसाठी पिक्सेलोरामा, आवाजासाठी ऑडॅसिटी. दोन्ही फुकट.

कल्पना: सगळा खेळ यंत्रमागाच्या आत घडतो. आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा हा हलता प्लॅटफॉर्म. पुढे-मागे ठोकणारी फणी ही ढकलणारी भिंत. जॅकार्डच्या पत्त्यांवर (कोणते दोरे उचलायचे ते भोकांनी सांगणारे पुठ्ठे) वर-खाली होणारे ठोकळे. कागदावर आठ लेव्हल, तीन शत्रू, एक बॉस आणि दोन खेळाडूंची सोय एवढं लिहिलं. यातलं किती टिकलं ते पुढे येईल.

२० डिसेंबर

लॅबमधल्या सहापैकी चार मशीनवर प्रोजेक्ट उघडलाच नाही. नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) ‘फॉरवर्ड प्लस’ राहिला होता. त्याला व्हल्कन (ग्राफिक्स कार्डशी बोलायची नवी पद्धत) लागतं आणि जुन्या इंटेल ग्राफिक्सवर ते नाही. ‘कम्पॅटिबिलिटी’ केल्यावर सगळीकडे उघडला. टू-डी खेळाला तोच पुरतो. शिवाय शेवटी ब्राउझरमध्ये चालवायचा असेल तर वेबसाठी तोच रेंडरर लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी तो निवडावा.

मूळ रिझोल्यूशन ३२० × १८०, टाइल (लेव्हल रचायचा चौकोन) १६ पिक्सेल, पात्र १६ × २४. ३२०×१८० ची चौपट १२८०×७२०, सहापट १९२०×१०८०. लॅबचे मॉनिटर मात्र १३६६×७६८, तिथं ४.२७ पट होते. त्यामुळे काही पिक्सेल जाड, काही बारीक दिसत होते आणि पात्र चालताना त्याचा चेहरा बदलल्यासारखा वाटायचा. स्ट्रेच सेटिंगमध्ये स्केल मोड ‘इंटिजर’ केला. कडेला काळी पट्टी येते, पण चित्र चौपटच राहतं. टेक्स्चर फिल्टर ‘लिनिअर’चा ‘निअरेस्ट’ केला, नाहीतर पिक्सेल आर्ट धुरकट दिसतं.

२४ डिसेंबर

आज फक्त उडी. गोडोच्या तयार टेम्प्लेटमध्ये वेग ३००, उडी −४००, गुरुत्व ९८० असतं. ते आकडे आमच्या १६ पिक्सेलच्या टाइलसाठी बसत नाहीत. अंदाजाने आकडे फिरवण्यात दीड तास गेला. मग उलटं केलं: किती उंच आणि किती वेळात हे आधी ठरवलं, गुरुत्व आणि वेग त्यातून काढले.

उंची साडेतीन टाइल, म्हणजे ५६ पिक्सेल. शिखर गाठायला ०.४ सेकंद.
गुरुत्व = २ × ५६ ÷ (०.४ × ०.४) = ७००.
सुरुवातीचा वेग = २ × ५६ ÷ ०.४ = २८०.
आडवा वेग १२०, म्हणजे सेकंदाला ६० फिजिक्स फ्रेम धरून दर फ्रेमला बरोबर २ पिक्सेल.

मोजून पाहिलं तर उडी ५६ नाही, ५३.६७ पिक्सेल भरली. कोडमध्ये चूक नाही. दर फ्रेमला आधी गुरुत्व लागतं आणि मग पात्र हलतं, त्यामुळे २४ फ्रेममध्ये तेवढी उंची कमी पडते. साडेतीन टाइल उंचीचा कट्टा कागदावर चढता येतो, खेळात येत नाही. म्हणून नियम केला: चढायचा कट्टा जास्तीत जास्त ३ टाइल, म्हणजे ४८ पिक्सेल.

उडीत आणखी तीन गोष्टी घातल्या:

कड सोडल्यावरही ६ फ्रेम उडी मारता येते.
जमिनीला टेकायच्या आधी ६ फ्रेमपर्यंत दाबलेली उडी लक्षात ठेवली जाते.
बटण लवकर सोडलं तर वर जाण्याचा वेग निम्मा होतो, म्हणजे छोटी उडी मिळते.

पहिल्या गोष्टीत लगेच चूक सापडली. उडी मारली की पात्र जमिनीवर नसतंच, पण कडेचा ६ फ्रेमचा मोजका (काउंटर) अजून शून्यावर आलेला नसतो. त्या वेळात परत बटण दाबलं तर हवेतच दुसरी उडी. उपाय एका ओळीचा: उडी मारली त्याच क्षणी दोन्ही मोजके शून्य करायचे.

२९ डिसेंबर

एकाच्या लॅपटॉपवर पात्र लोण्यासारखं घसरत होतं, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर जागच्या जागी थांबत होतं. कोड तोच. पहिल्याचा स्क्रीन ६० हर्ट्झ, दुसऱ्याचा १४४. थांबण्याचं गणित ‘लर्प’ने केलं होतं, दर फ्रेमला २० टक्के वेग कमी, आणि तेही ‘प्रोसेस’मध्ये, म्हणजे स्क्रीनच्या प्रत्येक फ्रेमला चालणाऱ्या कोडमध्ये. स्क्रीन जेवढा वेगवान, तेवढ्या वेळा कपात. हालचालीचा सगळा कोड ‘फिजिक्स प्रोसेस’मध्ये (तो सेकंदाला ठरावीक ६० वेळा चालतो) नेला आणि ‘लर्प’च्या जागी ‘मूव्ह टुवर्ड’ घातलं: सेकंदाला ९०० ने वेग घटतो, डेल्टाने (दोन फ्रेममधल्या वेळाने) गुणून.

त्याच फेरीत दुसऱ्याने वेगालाही डेल्टाने गुणलं आणि पात्र हलेनासं झालं. ‘मूव्ह अँड स्लाइड’ हे पात्र हलवणारं फंक्शन स्वतःच वेळेचा हिशेब धरतं. गुरुत्वाला आणि घर्षणाला डेल्टा लावायचा, शेवटच्या वेगाला नाही.

४ जानेवारी २०२५

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात परवानगीने दोन तास. जॅकार्डचे फोटो काढले, मागाचा आवाज रेकॉर्ड केला, चादरींच्या फोटोंतून रंग उचलले. चित्रांसाठी आठच रंग पक्के केले: जांभळट लाल, बाटली हिरवा, हळदी पिवळा, निळा, मळका पांढरा, लाकडाचे दोन तपकिरी आणि काळा. नववा रंग कुणीही आणायचा नाही. ही मर्यादा शेवटपर्यंत कामी आली, कारण दोन महिन्यांनी केलेली चित्रंही पहिल्या चित्रांच्या शेजारी उपरी दिसली नाहीत.

आमच्या आराखड्यातली एक चूक तिथंच सापडली. पत्त्यात भोक म्हणजे ठोकळा गायब, असं आम्ही धरलं होतं. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरकाकांनी पत्ता हातात धरून दाखवलं: “भोक असलं की सुई आत जाते, हूक पट्टीला अडकून राहतो आणि दोरा वर उचलला जातो. भोक नसलं की पत्ता सुईला मागं ढकलतो, हूक सुटतो, दोरा खालीच.” म्हणजे भोक म्हणजे ठोकळा वर. आम्ही अगदी उलटं केलं होतं. सोलापुरात हा खेळ मागावर काम केलेलं कुणी खेळणारच. त्याला पत्ता वाचता आला पाहिजे, म्हणून तसाच बदलला.

९ जानेवारी

जॅकार्डची लेव्हल कोडमध्ये. आठ रकाने, प्रत्येक ठोकळा २ टाइल रुंद. पत्ता म्हणजे आठ अंकांची एक ओळ: १ म्हणजे भोक, ० म्हणजे भोक नाही. असे सहा पत्ते एकामागे एक फिरतात. पत्त्यांची ओळ चित्रांतून वरच्या कोपऱ्यात दिसते, म्हणजे पुढचा पत्ता खेळणाऱ्याला आधी दिसतो.

मागाचा ठोका मिनिटाला ९० ठेवला. खरा माग याहून वेगात चालतो, पण ६० फ्रेमच्या हिशेबात ९० ला नीट भाग जातो: एक ठोका ४० फ्रेम. दर ठोक्याला पत्ता बदलला.

खेळून पाहिलं तर लेव्हल पार होईना. पाचही जण वीस मिनिटं पडत राहिले. सगळे बोटांचा दोष समजत होते. मग उडी मोजली: वर २४ फ्रेम, खाली २३, एकूण ४७. आणि पत्ता बदलतो ४० फ्रेमला. म्हणजे जो ठोकळा पाहून उडी मारली, तो पाय टेकेपर्यंत बदललेलाच असणार. कितीही चपळ माणूस असला तरी काही करू शकत नाही. पत्ता दोन ठोक्यांनी, ८० फ्रेमला बदलायला लावला, आणि पडायच्या आधी २० फ्रेम ठोकळा थरथरतो असा इशारा घातला. आता पार होते.

पत्ते मनाने लिहिले की मधेच अशक्य जागा तयार होते. त्यासाठी पंधरा ओळींची तपासणी लिहिली: लागोपाठच्या दोन पत्त्यांत निदान एक ठोकळा दोन्हीकडे वर असला पाहिजे, आणि तो सध्याच्या ठोकळ्यापासून तीन रकान्यांच्या आत पाहिजे. तीन रकाने पुढचा ठोकळा म्हणजे मधे ४ टाइलची पोकळी, ती उडीत बसते. चार रकाने म्हणजे ६ टाइल, ती बसत नाही. या तपासणीने पहिल्याच दिवशी सहापैकी दोन पत्ते नापास केले.

१२ ते १७ जानेवारी

गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा. काम बंद. वेळापत्रकात हा आठवडा आधीच वगळला होता.

२० जानेवारी

धोटा. आधी ‘स्टॅटिक बॉडी’ (स्थिर वस्तू) घेऊन ट्वीनने (ठरल्या वेळात जागा बदलणारी सोय) हलवला. धोटा पायाखालून निघून जायचा आणि पात्र तिथंच हवेत राहून खाली पडायचं. स्थिर वस्तूला वेग असतो हे इंजिनला माहीतच नसतं. ‘अ‍ॅनिमेटेबल बॉडी २डी’ (हलवायच्या वस्तूंचा प्रकार) घेतली, ‘सिंक टू फिजिक्स’ चालू ठेवलं, अ‍ॅनिमेशन प्लेअरचा कॉलबॅक ‘फिजिक्स’ केला. पात्र धोट्याबरोबर जाऊ लागलं.

पुढची अडचण: धोट्यावरून उडी मारली की त्याचा वेग पात्राला मिळतो. गोडोत ‘प्लॅटफॉर्म ऑन लीव्ह’ हे सेटिंग मुळात तसंच असतं. ऐकायला वास्तव वाटतं. पण मग धोटा पुढे जात असताना उडी लांब आणि मागे येत असताना आखूड पडते, आणि पोकळी नक्की किती ठेवायची हे सांगताच येत नाही. सेटिंग ‘डू नथिंग’ केलं. उडी सगळीकडे सारखी पडली पाहिजे.

२७ जानेवारी

गिटमध्ये (सगळ्यांचे बदल एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) गोंधळ. दुसरी लेव्हल दोघांनी एकाच रात्री बदलली. सीनची (गोडोत मांडलेल्या एका तुकड्याची) फाइल मजकुराची असली तरी टाइलची माहिती एका लांबलचक ओळीत असते, ती हाताने जुळवता येत नाही. एकाचं काम फेकून दिलं. पाच तास गेले.

तेव्हापासून:

एका सीनचा मालक एकच. दुसऱ्याला बदल हवा असेल तर त्याला सांगायचं.
लेव्हल, पात्र, धोटा, ठोकळा, फणी या प्रत्येकाचा वेगळा सीन. लेव्हलमध्ये फक्त त्यांची मांडणी.
‘.गोडो’ हा लपलेला फोल्डर गिटमध्ये टाकायचा नाही. तो प्रत्येक मशीनवर नव्याने तयार होतो. आमच्याकडे तो पहिले सहा आठवडे गिटमध्ये होता आणि दर वेळी शेकडो फाइल बदललेल्या दिसायच्या.

आजच यादीला कात्री लावली. आठच्या जागी चार लेव्हल. बॉस, शत्रू आणि दोन खेळाडू रद्द. यंत्रमागात हलणारे भाग एवढे आहेत की वेगळ्या शत्रूची गरजच नाही.

३ फेब्रुवारी

सगळ्यात महाग पडलेला दिवस.

चारही लेव्हल मांडून झाल्या होत्या, तीन तर रंगवूनही. उडी मात्र तरंगल्यासारखी वाटते, अशी गटातल्या दोघांची तक्रार होती आणि ती खरी होती. खाली येतानाचं गुरुत्व वेगळं ठेवलं: ०.३ सेकंदात ५६ पिक्सेल, म्हणजे २ × ५६ ÷ ०.०९ = १२४४. खाली पडण्याच्या वेगाला ४०० ची कमाल मर्यादा. उडी एकदम छान झाली, जमिनीला पाय चिकटल्यासारखे.

आणि चारपैकी तीन लेव्हल मोडल्या. हवेतला वेळ ४७ फ्रेमवरून ४२ वर आला. दर फ्रेमला २ पिक्सेल, म्हणजे लांबी ९४ वरून ८४ पिक्सेल. लेव्हलमध्ये ठिकठिकाणी ५ टाइलच्या पोकळ्या होत्या, म्हणजे ८० पिक्सेल. आधी तिथं १४ पिक्सेल, म्हणजे ७ फ्रेमची सवड होती. आता ४ पिक्सेल, दोन फ्रेम. शरीराची १० पिक्सेल रुंदी या हिशेबात धरलेली नाही. ती खेळणाऱ्याला दिलेली सूट आहे, तिच्यावर लेव्हल उभी करायची नाही.

जुनी उडी ठेवायची की नवी, यावर तासभर बोलणं झालं. नवी ठेवली. प्लॅटफॉर्मरमध्ये माणूस शेकडो वेळा उडी मारतो. ती हाताला गोड लागली नाही तर बाकीच्या कशाला अर्थ नाही. त्याची किंमत मोजली: तीन लेव्हल पुन्हा, एकूण २६ तास.

हा खर्च टळण्यासारखा होता. उडी पक्की होईपर्यंत एकही टाइल रंगवायला नको होती. २४ डिसेंबरला आकडे काढले आणि उडी झाली असं मानलं. तेव्हा करड्या चौकोनांच्या एका खोलीत बाहेरच्या चार जणांना दहा-दहा मिनिटं उड्या मारायला लावल्या असत्या, तर तरंगण्याची तक्रार डिसेंबरमध्येच आली असती.

८ फेब्रुवारी

उडीचे आकडे एका वेगळ्या रिसोर्स फाइलमध्ये ठेवले आणि बदलायचे नाहीत असं ठरवलं. त्यावरून मापांचा तक्ता भिंतीवर लावला:

सोपी पोकळी: २ टाइल
साधी: ३ टाइल
अवघड: ४ टाइल, लेव्हलमध्ये जास्तीत जास्त तीन वेळा
५ टाइल: कधीच नाही
चढ: २ टाइल साधा, ३ अवघड
४ टाइलच्या पोकळीपलीकडे ३ टाइल चढ: कधीच नाही, कारण शिखर पोकळीच्या पाऊण अंतरावरच येतं आणि पलीकडे पोचेपर्यंत पात्र खाली आलेलं असतं

चौथी लेव्हल सोडून दिली. तीन चांगल्या लेव्हल करायच्या.

१४ फेब्रुवारी

सपाट जमिनीवर पळताना पात्र मधेच अडखळतं. नेहमी नाही, वीस-तीस टाइलमागे एकदा. कारण शोधायला दोन संध्याकाळी. जमीन एकसंध दिसते, पण प्रत्येक टाइलचा टक्कर-चौकोन वेगळा असतो, आणि पात्राच्या चौकोनाचा खालचा कोपरा दोन टाइलच्या सांध्यावर अडकतो. कॅप्सूल आकार लावून पाहिला. अडखळणं गेलं, पण कट्ट्याच्या कडेवर उभं राहिलं की पात्र घरंगळायला लागलं. शेवटी १० × २२ च्या चौकोनाचे खालचे दोन कोपरे २-२ पिक्सेल छाटून सहा बिंदूंचा बहुभुज केला. दोन्ही तक्रारी मिटल्या.

२० फेब्रुवारी

दुसऱ्या वर्षाच्या अकरा जणांकडून चाचणी. कुणालाही काही सांगायचं नाही, मागे उभं राहून फक्त पाहायचं. पात्र पडलं की लेव्हलचं नाव, जागा आणि वेळ एका फाइलमध्ये आपोआप लिहिली जाते. ही सात ओळींची सोय पहिल्या महिन्यातच करायला हवी होती.

एकूण १४३ वेळा पडणं. त्यातली ५८ जॅकार्डच्या दुसऱ्या ओळीत. आम्हाला ती जागा सोपी वाटायची, कारण आम्हाला पत्ते पाठ होते.

५८ पैकी बहुतेक वेळा माणूस ठोकळ्यापर्यंत पोचत होता आणि पाय टेकताना ठोकळा खाली जात होता. “थरथरला नव्हता तो, मी उडी मारली तेव्हा,” असं तिघांनी सांगितलं. तिघंही बरोबर होते. इशारा २० फ्रेमचा, उडी ४२ फ्रेमची. ठोकळा पडायला ३० फ्रेम उरलेल्या असताना उडी मारली, तर त्या वेळी तो स्थिर दिसतो, हवेत असताना थरथरायला लागतो, आणि हवेतून माघारी येता येत नाही. इशारा उडीपेक्षा लांब नसेल तर तो फक्त पडणार असल्याची बातमी देतो, वाचवत नाही.

आता पत्ता तीन ठोक्यांनी, १२० फ्रेमला बदलतो. पहिल्या ७५ फ्रेम ठोकळा स्थिर, शेवटच्या ४५ थरथरतो. थरथर दिसली की उडी मारायची नाही, एवढा एकच नियम खेळणाऱ्याला आपोआप कळतो. त्याच अकरांपैकी सहा जणांना दोन दिवसांनी परत बसवलं. त्या ओळीत मिळून ९ वेळा पडले, आणि “माझंच चुकलं” म्हणत पुन्हा खेळत राहिले. असं म्हणणारा माणूस खेळ सोडून उठत नाही. आम्हाला हवं होतं ते हेच.

२ मार्च

आवाज. ४ जानेवारीचं रेकॉर्डिंग निम्मं वाया. मागापासून दोन मीटरवर मोबाईल धरला होता, आवाज पूर्ण फाटलेला. दाराबाहेरून घेतलेला तुकडा चांगला निघाला. त्यातून एकच ‘खट्’ कापला, ०.१८ सेकंदाचा.

आधी मागाच्या आवाजाची लांब फाइल वाजवून त्यावर ठोकळे जुळवत होतो. दोन मिनिटांत ठोका आणि आवाज वेगळे पडायचे. उलटं केलं: ठोका फिजिक्स फ्रेम मोजून ठरतो आणि दर ४० व्या फ्रेमला एक ‘खट्’ वाजतो. मग वेगळं पडायला काही उरतच नाही. तरी आवाज किंचित उशिरा वाटत होता. फाइलच्या सुरुवातीला ६० मिलिसेकंद शांतता राहिली होती, म्हणजे जवळजवळ ४ फ्रेम. ती कापली.

पार्श्वसंगीत एमपी३ मध्ये होतं, दर फेरीला जोडावर बारीक खंड पडायचा. ओजीजी केलं, इम्पोर्टमध्ये ‘लूप’ला टिक, खंड गेला. छोटे आवाज डब्ल्यूएव्ही मध्येच ठेवले.

६ मार्च

गोडो ४.४ आलं आणि एकाने आपल्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट त्यात उघडून पुश केला. प्रत्येक स्क्रिप्टशेजारी एक नवी ‘.यूआयडी’ फाइल आणि प्रोजेक्ट फाइलवर ४.४ ची खूण. नवी आवृत्ती वाईट नाही, पण महिन्यावर सादरीकरण असताना पाच मशीनवर पाच प्रकार नकोत. तो कमिट मागे घेतला, तीन तास गेले. ४.३ ची झिप आता पेन ड्राइव्हवर आहे, सगळ्यांनी तीच वापरायची.

हवेत उडणारे कापसाचे तंतू लॅबच्या मशीनवर खेळ ढिला करत होते. ४०० कण होते, ‘सीपीयू पार्टिकल्स’ घेऊन ४० केले. दिसण्यात फरक पडला नाही.

१३ मार्च

मराठी मजकूर. आजवर एडिटरमध्ये सगळं नीट दिसत होतं. वेबची चाचणी प्रत काढली तर सगळीकडे चौकोन. गोडोच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. विंडोजवर तो गुपचूप सिस्टीमचा फाँट उसना घेतो, ब्राउझरमध्ये तशी सोय नाही. ‘मुक्ता’ फाँट प्रोजेक्टमध्ये टाकला. मुक्त परवान्याचा आहे, खेळासोबत देता येतो. सुरुवातीचा पडदा तेलुगू आणि कन्नडमध्येही ठेवला, त्यासाठी नोटो सान्सचे दोन फाँट फॉलबॅक (पर्यायी फाँटच्या) यादीत जोडले.

३२० × १८० वर १० पिक्सेल उंचीची देवनागरी वाचता येत नाही. वेलांट्या आणि अनुस्वार मिसळून जातात. स्ट्रेच मोड ‘व्ह्यूपोर्ट’ होता, तो ‘कॅन्व्हस आयटम्स’ केला. चित्रं चौपटच राहतात आणि अक्षरं मात्र स्क्रीनच्या पूर्ण रिझोल्यूशनवर उमटतात.

अक्षर-अक्षर उमटणाऱ्या संवादाने एक दिवस खाल्ला. ‘सिद्धेश्वर’ हा शब्द असा दिसायचा: सि, मग सिद, मग सिद् पाय मोडलेला, मग एकदम सिद्ध. जोडाक्षर पूर्ण होईपर्यंत अक्षरं उड्या मारत होती, शब्दाची रुंदी बदलत होती आणि पुढची ओळ हलत होती. कारण मजकूर आधी कापला जात होता आणि जुळणी नंतर होत होती. लेबलच्या ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेविअर’मध्ये ‘कॅरेक्टर्स आफ्टर शेपिंग’ निवडलं. आता पूर्ण वाक्य आधी जुळतं आणि मग तुकड्यातुकड्याने दिसतं. अक्षरांमधलं जादा अंतरही शून्य केलं, त्याने शिरोरेषा तुटत होती. मराठीत खेळ करणाऱ्या प्रत्येकाला हे दोन्ही लागणार आहे.

२४ मार्च

वेबची अंतिम प्रत. अडलेल्या तीन गोष्टी:

इंडेक्स फाइलवर डबल क्लिक करून खेळ सुरू होत नाही, लोकल सर्व्हर लागतो. पायथनचा एका ओळीचा सर्व्हर पुरतो.
धोट्याचं चित्र गायब. फाइलचं नाव मोठ्या ‘डी’ने, कोडमध्ये लहान ‘डी’ने. विंडोज हा फरक धरत नाही, एक्स्पोर्ट केलेला खेळ धरतो. सगळी नावं लहान अक्षरांत केली.
पहिल्या क्लिकशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही. म्हणून खेळ थेट सुरू न करता ‘सुरू करा’ बटण ठेवलं.

एक्स्पोर्टमध्ये ‘थ्रेड सपोर्ट’ बंदच ठेवावा. चालू केला की सर्व्हरकडून खास हेडर लागतात आणि साध्या होस्टिंगवर खेळ लोडच होत नाही. हा सगळा दिवस जानेवारीतच, एका लेव्हलवर, करून पाहायला हवा होता. मार्चच्या अखेरीस सापडलेली प्रत्येक चूक दुप्पट घाईत दुरुस्त करावी लागते.

३ एप्रिल

खर्च: यूएसबी गेमपॅड दोन, ९०० रुपये. पेन ड्राइव्ह ३८०. अहवालाच्या चार प्रती, प्रत्येकी ६४ पानं, २ रुपये पान, ५१२. बाइंडिंग चार, ६००. एकूण २,३९२. सॉफ्टवेअरवर काही नाही.

वेळ, पाच जणांचा मिळून सुमारे ५२० तास. त्यात लेव्हल पुन्हा करण्याचे २६, गिटचे ५ आणि आवृत्तीचे ३ तास टळले असते. पूर्ण झालेल्या लेव्हल तीन, खेळायला सरासरी चौदा मिनिटं.

५ एप्रिल

सादरीकरणाच्या मशीनवर सकाळी शेवटची तपासणी. डावा बाण आणि वरचा बाण एकत्र धरले की स्पेस लागत नव्हता. दुसऱ्या मशीनवर लागत होता. कीबोर्ड स्वस्तातला, तीन कळांची काही ठरावीक जुळणी एकदम ओळखत नाही. कोडमध्ये याला इलाज नाही. इनपुट मॅपमध्ये उडीला स्पेससोबत ‘झेड’ आणि ‘के’ जोडले, चालण्याला बाणांसोबत ‘ए’ आणि ‘डी’. नवी प्रत सव्वा दहाला काढून पेन ड्राइव्हवर घेतली, आणि सुरुवातीच्या पडद्यावर दोन्ही जोड्या लिहिल्या.